एम.एस. बाय रिसर्च: अभियांत्रिकीतील संशोधन-पदवीचे परीक्षण

गेटचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या घरी एम.टेक.ची चर्चा सुरू होते. कोणत्या आयआयटीत कोणती शाखा मिळेल, एनआयटीच्या फेऱ्या कधी निघतील, गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे सगळे बारकाईने पाहिले जाते. त्याच गुणांवर मिळू शकणाऱ्या दुसऱ्या एका पदवीचे नाव मात्र या चर्चेत क्वचितच निघते, आणि निघालेच तर ‘ते रिसर्चचं असतं, लांबतं’ या एका वाक्यावर विषय बंद होतो. मद्रास, कानपूर आणि खरगपूर येथील आयआयटींत तिला एम.एस. बाय रिसर्च म्हणतात, दिल्लीत एम.एस. (रिसर्च) म्हणतात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ती पूर्वी एम.एससी. (इंजिनिअरिंग) होती, आता एम.टेक. (रिसर्च) आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतही ती आहे. पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र विभागाने एम.एस. बाय रिसर्च सुरू केलेली आहे, आणि इतर विभागांत रिसर्च असिस्टंट म्हणून जी तीन वर्षांची एम.टेक. करता येते ती स्वभावाने याच पदवीच्या जवळची आहे. नावे काहीही असोत, रचना सर्वत्र सारखी: विषय थोडे, प्रबंध मोठा.

मी यांत्रिकी अभियांत्रिकीत ही पदवी घेतली. विषय उष्णता संक्रमणाचा होता आणि संस्था सरकारी होती. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि इतर ठिकाणी शिकलेल्या मित्रमैत्रिणींशी बोलल्यावर माझी खात्री झाली आहे की त्या एखाद्या संस्थेपुरत्या नाहीत. माझे मत आरंभीच सांगते. ही पदवी घेण्यासारखी आहे आणि मी तिची मनापासून शिफारस करते, पण एका अटीवर: येथे संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा पाहावी लागते. एम.टेक.मध्ये आधी संस्था, मग शाखा, मग जमेल तो मार्गदर्शक असा क्रम लावला तरी निभावते, कारण पहिले वर्ष वर्गात जाते आणि पदवीच्या तारखेबाबत सहसा शंका नसते. संशोधन-पदवीत तसे निभावत नाही.

रचना थोडक्यात अशी. पहिल्या एक-दोन सत्रांत मोजके विषय घ्यावे लागतात, तेही बहुधा मार्गदर्शकाशी बोलून, प्रबंधाला उपयोगी पडतील असे. त्याच काळात विषय ठरतो आणि विभागातील काही प्राध्यापकांची एक समिती नेमली जाते. मद्रासला तिला जनरल टेस्ट कमिटी म्हणतात, इतरत्र वेगळी नावे आहेत, पण काम तेच: ठरावीक काळाने विद्यार्थ्याचे काम ऐकणे, प्रश्न विचारणे आणि दिशा भरकटत असेल तर वेळेवर सांगणे. काम पुरेसे झाले असे समितीला वाटले की सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, सादर होतो, मग प्रबंध संस्थेबाहेरील परीक्षकाकडे जातो, त्याचा अहवाल येतो आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. कागदावर हे सारे दोन ते तीन वर्षांत बसते. प्रत्यक्षात बसते की नाही, हे पुन्हा मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा यांवरच ठरते.

प्रवेशाबाबत एक गोष्ट सांगायला हवी. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो आणि येथे तो पहिल्या चाळणीपुरता असतो. खरी निवड लेखी चाचणीत आणि मुलाखतीत होते. मुलाखतीत पंचवीस विषयांवर पंचवीस प्रश्न येत नाहीत. आवडीचा एक विषय विचारतात आणि मग त्याच विषयात खाली खाली नेतात. भिंतीतून वाहणाऱ्या उष्णतेचे समीकरण लिहा, असे म्हणतात. ते कुणालाही येते. तापमानाचा आलेख काढा, म्हणतात. सरळ रेषा निघते. आता भिंतीच्या पदार्थाची उष्णतावाहकता तापमानाबरोबर वाढते असे समजा, मग रेषा कुठल्या बाजूला वाकेल आणि का, असे विचारतात. उत्तर पाठ असण्याचा प्रश्नच नसतो. फळ्यासमोर उभे राहून विचार करता येतो का, एवढेच त्यांना पाहायचे असते. जिथे उष्णतावाहकता जास्त तिथे तेवढीच उष्णता न्यायला कमी उतार पुरतो, इथपर्यंत विद्यार्थी स्वतः पोहोचला तर बाकीचे हुकले तरी चालते. ज्यांचे गेटचे गुण मध्यम आहेत पण मूलभूत गोष्टी पक्क्या आहेत, त्यांच्यासाठी ही पद्धत एम.टेक.च्या गुणवत्ता यादीपेक्षा अधिक न्याय्य आहे.

आता या पदवीतून मिळते काय, त्याकडे येते. माझे काम उकळत्या पाण्यावर होते. तापलेल्या पृष्ठभागावर पाणी उकळत असताना तो पृष्ठभाग एका मर्यादेपर्यंतच उष्णता देऊ शकतो. ती मर्यादा ओलांडली की बुडबुडे एकमेकांना मिळून वाफेचा थर तयार होतो, पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही आणि पृष्ठभागाचे तापमान एकदम वर जाते. जपानमधील शिरो नुकियामा यांनी १९३४ साली पाण्यात बुडवलेली बारीक तार तापवून उकळण्याचा हा संपूर्ण आलेख प्रथम मांडला. बॉयलर, अणुभट्टी, आणि आता तर संगणकाच्या चिपा थंड करण्याचे काम, या सगळ्यांना ही मर्यादा लागते. साध्या, गुळगुळीत तांब्याच्या पृष्ठभागावर वातावरणीय दाबाला पाण्यासाठी ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण शंभर वॅट असते. पृष्ठभागाची घडण बदलून ती किती वाढवता येते, हा माझा प्रश्न होता.

पहिल्या काही आठवड्यांत मार्गदर्शकांनी मला प्रबंधाच्या विषयातले काहीच करायला दिले नाही. एका भांड्यात पाणी उकळायचे, त्यात थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) सोडायचे आणि आकडा लिहून आणायचा, एवढेच काम होते. आकडा ९८ च्या आसपास येत राहिला. प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ पीएच.डी. विद्यार्थ्याने त्यावर एकच प्रश्न विचारला: आज वायुभारमापकावर काय दिसते आहे? आमची प्रयोगशाळा दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास होती; तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९८ अंशांनाच उकळते. म्हणजे थर्मोकपल बरोबर होते. पण के-टाइप थर्मोकपलची कंपनीने दिलेली चुकीची मुभाच मुळी दोन अंशांहून अधिक असते. त्यामुळे ते बरोबर आहे हे सिद्ध करायला नुसते उकळते पाणी पुरत नाही, वितळत्या बर्फाचे शून्य लागते आणि मधल्या तापमानांना दुसऱ्या विश्वासार्ह तापमापकाशी तुलना लागते. शाळेपासून पाठ असलेला शंभर हा आकडा दाबाची अट घेऊन येतो, ही गोष्ट पुस्तकात असतेच. ती स्वतःच्या वहीतील आकड्यांतून समोर आल्यावर मनात जी बसते, ती परीक्षेसाठी वाचून बसत नाही. चार वर्षांच्या बी.ई.मध्ये आम्ही प्रयोगांच्या जर्नलमध्ये अपेक्षित उत्तरे लिहीत आलो होतो. उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या मोजमापावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा प्रश्न मला या पदवीने प्रथम विचारला, आणि तिच्या बाजूने माझे जे काही म्हणणे आहे त्याचे मूळ इथे आहे.

दुसरे उदाहरण वर्कशॉपचे. तांब्याच्या ठोकळ्याला खालून कार्ट्रिज हीटर लावायचा, वरच्या टोकाला पाणी उकळायचे आणि मध्ये ठरावीक अंतरांवर बारीक भोके पाडून थर्मोकपल बसवायचे, असा सांगाडा असतो. नवीन विद्यार्थ्यांची रेखाचित्रे वर्कशॉपमधील ज्येष्ठ टर्नर हमखास परत पाठवत. भोकाचा व्यास लिहिलेला असे, खोली लिहिलेली असे, पण भोकाची जागा किती इकडेतिकडे झालेली चालेल ते लिहिलेले नसे. त्यांचा आग्रह अगदी रास्त होता, आणि तो का रास्त होता याचे गणित आम्हाला नंतर मांडावे लागले. शंभर वॅट दर चौरस सेंटिमीटर या उष्णतेला तांब्यात दर मिलिमीटरला सुमारे अडीच अंशांचा उतार पडतो. म्हणजे भोक अर्धा मिलिमीटर खाली-वर झाले तर सव्वा अंशाची चूक घरबसल्या आली. पृष्ठभागाचे तापमान आपण थेट मोजत नाही. आतल्या थर्मोकपलवरून रेषा वाढवून काढतो. पृष्ठभाग आणि पाणी यांच्या तापमानातील जो फरक शोधायचा तोच मुळात वीस-पंचवीस अंशांचा, आणि उकळण्याच्या सुरुवातीला तर पाच-सात अंशांचा. त्यात ही चूक मिसळली की दोन पृष्ठभागांमधला जो फरक आपण शोध म्हणून छापायला निघालो आहोत, तो ड्रिलच्या हेलकाव्यातून आलेला असू शकतो. हे कळायला रेखाचित्र, लेथ, समीकरण आणि निष्कर्ष या चारही गोष्टी एकाच माणसाच्या हातून जाव्या लागतात. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षातील प्रकल्पात तेवढा वेळच नसतो. तेथे बहुधा तयार यंत्रणेवर वाचने घेतली जातात किंवा सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन केले जाते. त्यात कमीपणा काही नाही, पण तो वेगळा अभ्यास आहे.

पुढचा मोठा भाग पुनरावृत्तीचा. एकच ठोकळा, तोच हीटर, तेच पाणी, आणि तरी सोमवारचा आलेख गुरुवारच्या आलेखावर बसत नाही. कारणे एकेक करून सापडत जातात: पाण्यात विरघळलेली हवा आधी तासभर उकळून काढून टाकली नाही तर बुडबुडे लवकर सुटू लागतात, तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, एमरी पेपरने घासताना हात कोणत्या दिशेने फिरला यानेही फरक पडतो. अशा गोष्टींची नोंद रोज ठेवण्याची शिस्त मार्गदर्शकांनी लावली आणि तिचे महत्त्व प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत कळले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सुरुवातीलाच विचारले की पाण्यातील हवा गेली होती हे तुम्ही कशावरून म्हणता. वहीत प्रत्येक दिवसाची वेळ आणि तापमान लिहिलेले होते, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला.

मार्गदर्शकाविषयी मी सविस्तर लिहिते, कारण खरी निवड येथे आहे. चांगल्या मार्गदर्शकाची ओळख नावाजलेल्या शोधनिबंधांच्या यादीवरून होत नाही, निदान तेवढ्यावरून होत नाही. त्याचे आधीचे एम.एस. विद्यार्थी किती काळाने बाहेर पडले, हे विचारावे. तो आठवड्यातून एकदा तरी विद्यार्थ्याशी बसून वही पाहतो का, हे विचारावे. प्रयोगाचा सांगाडा तयार आहे की शून्यापासून उभारायचा आहे, याचे उत्तर तर लेखीच घ्यावे असे मी म्हणेन. शून्यापासून उभारणे हे उत्तम शिक्षण आहे, पण त्यात पहिले वर्ष जाते आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडे वर्षे थोडीच असतात. मार्गदर्शकाकडे बाहेरून निधी मिळालेला प्रकल्प असेल तर उपकरणांची ददात राहत नाही, मात्र त्या प्रकल्पाचे अहवाल आणि त्यांच्या मुदतीही विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. ही सगळी चौकशी सध्याच्या विद्यार्थ्यांकडे, मेसमध्ये किंवा हॉस्टेलवर, सरांच्या गैरहजेरीत करावी. विद्यार्थी मोकळेपणाने बोलतात. ते बोलायला कचरत असतील तर तेही एक उत्तरच आहे. आणि प्रयोगशाळेत एक-दोन जुने पीएच.डी. विद्यार्थी आहेत का, हे पाहायला विसरू नये. रोजचे निम्मे शिक्षण त्यांच्याकडून होते.

वाईट बाजू आता सांगते, आणि ती लहान नाही. गेटवर मिळणारी मास्टर्सची शिष्यवृत्ती महिन्याला १२,४०० रुपये आहे. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकांची रक्कम २०२३ च्या जानेवारीपासून ३१,००० वरून ३७,००० झाली. मास्टर्सचा विद्यार्थी त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर, तेवढेच तास काम करतो आणि त्याची रक्कम मात्र जागच्या जागी राहिली. त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिके घेणे, जर्नले आणि उत्तरपत्रिका तपासणे ही कामेही असतात. हॉस्टेल आणि मेसचे पैसे गेल्यावर हाती फार काही उरत नाही, आणि ज्या घरात पगाराची वाट पाहिली जात आहे तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या संस्थेत ही रक्कमही वेळेवर येत नसे. सत्राच्या सुरुवातीला कित्येकदा दोन-दोन महिने वाट पाहावी लागली, आणि लेखा विभागाच्या खिडकीवर मुलांना जे उत्तर मिळे त्यात कारण कधीच नसे. हे सुधारायला पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी फाइल वेळेवर पुढे सरकवावी लागते. ज्या कुटुंबातून पैसे मागवता येत नाहीत त्या विद्यार्थ्यासाठी दोन महिन्यांचा उशीर म्हणजे संशोधन सोडण्याचे कारण ठरू शकतो, आणि एका अत्यंत हुशार वर्गमित्राच्या बाबतीत तो ठरलाही.

दुसरी तक्रार खरेदीची. डेटा लॉगरचे (थर्मोकपलची वाचने नोंदवणाऱ्या यंत्राचे) एक कार्ड बिघडले आणि नवे येईपर्यंत एक सत्र जवळजवळ वाया गेले. इंडेंट (मागणीपत्र), तीन कोटेशने, सरकारी खरेदीचे जेम पोर्टल, खरेदी समिती, पुन्हा शंका, पुन्हा कोटेशने. नियमांचा हेतू योग्य आहे. सार्वजनिक पैसा आहे आणि त्याचा हिशेब हवाच. पण कार्यालयातील टेबल-खुर्च्या आणि प्रयोगशाळेतील विशिष्ट उपकरण यांना एकच माप लावले की नुकसान संशोधनाचे होते. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम सैल करून संस्थाप्रमुखांना जेमच्या बाहेर खरेदी करण्याची मुभा दिली, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला याचा फायदा सर्वांत अधिक व्हावा, कारण सहा महिने गेले तर पीएच.डी.वाला सावरतो, याचे वर्षच जाते.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रबंध सादर केल्यापासून परीक्षकाचा अहवाल येईपर्यंतच्या काळावर विद्यार्थ्याचा काहीही ताबा नसतो. जुन्या आयआयटींमधील कॅम्पस मुलाखती १ डिसेंबरला सुरू होतात, आणि एम.टेक.चा विद्यार्थी पुढच्या जूनपर्यंत मोकळा होणार हे कंपनीला ठाऊक असते. संशोधन-पदवीचा विद्यार्थी कधी मोकळा होईल, हे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नाही. काही कंपन्यांच्या अर्जात पात्रतेच्या रकान्यात एम.टेक. एवढेच लिहिलेले असते आणि एम.एस. म्हणजे काय हे समजावण्यातच मुलाखतीची पहिली पाच मिनिटे जातात. संस्थांच्या प्लेसमेंट कार्यालयांनी याबाबत विद्यार्थ्यांच्या बाजूने अधिक ठामपणे बोलायला हवे. भारतीय विज्ञान संस्थेने पदवीच्या नावात एम.टेक. आणले, याचा विद्यार्थ्यांना अर्ज भरताना नक्कीच उपयोग होत असणार. अध्यापनाच्या नोकरीसाठी मात्र ही अडचण नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०१९ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेत एम.ई. आणि एम.टेक. यांच्याबरोबर एम.एस. स्पष्टपणे लिहिलेले आहे.

नोकरीत या शिक्षणाचा उपयोग होतो का, असे विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र सगळीकडे सारखा होत नाही. जिथे रोज काहीतरी मोजायचे, तपासायचे आणि त्यावर सही करायची असते, तिथे होतो. पुण्याचेच उदाहरण घ्यायचे तर वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, वाहन उद्योगातील कंपन्यांचे स्वतःचे चाचणी विभाग, अशा ठिकाणच्या कामाला लागणारी सवय या पदवीत अंगी बाणते. व्यवस्थापनाकडे किंवा सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या नोकरीकडे वळायचे असेल तर दोन वर्षांची एम.टेक. किंवा थेट नोकरी हा सरळ मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्याने संशोधनाला पाठ फिरवली असे मुळीच नाही.

आता थेट पीएच.डी.शी तुलना. चार वर्षांच्या पदवीनंतर चांगले गुण असलेल्यांना अनेक संस्था थेट पीएच.डी.ला घेतात, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनीही किमान ७५ टक्के गुणांवर हा मार्ग खुला केला आणि एम.फिल. बंद केली. मग मध्ये ही पदवी कशाला, हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः शिष्यवृत्तीतील तफावत पाहता. माझे उत्तर असे की बाविसाव्या वर्षी पाच-सहा वर्षांचा शब्द देण्याआधी संशोधन आपल्याला मानवते का हे पाहण्याची हीच एक सन्मानाची वाट आहे. मानवले तर अनेक संस्थांत मधूनच पीएच.डी.कडे नोंदणी बदलून घेता येते, झालेले काम वाया जात नाही आणि वाढीव शिष्यवृत्तीही सुरू होते. नाही मानवले तर हातात पूर्ण पदवी आणि स्वतःचे म्हणता येईल असे एक काम असते. पीएच.डी. अर्धवट सोडणाऱ्याच्या हातात बहुधा यांपैकी काहीच उरत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. काही मार्गदर्शक चांगल्या विद्यार्थ्याला नोंदणी बदलण्याचा आग्रह करतात, आणि तो आग्रह दर वेळी विद्यार्थ्याच्या हिताचा असतोच असे नाही. निर्णय घ्यायला वेळ मागून घ्यावा आणि घरच्यांपेक्षाही आधी प्रयोगशाळेतील जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे.

परदेशाचा पर्याय अनेकांसमोर असतो, म्हणून थोडे त्याविषयी. कॅनडात एम.ए.एससी. ही प्रबंधाची पदवी आहे आणि एम.इंज. ही विषयांची, पहिलीत बहुधा मार्गदर्शकाच्या निधीतून खर्चाला पैसे मिळतात, दुसरीत शुल्क भरावे लागते. एजंटांच्या कार्यालयांतून हा फरक नीट सांगितला जात नाही आणि पालक लाखो रुपये भरून विषयांच्या पदवीला ‘एम.एस.’ समजतात. जर्मनीतील एम.एससी. पूर्णपणे संशोधनाची नसते, पण शेवटचे सुमारे सहा महिने प्रबंधासाठी राखलेले असतात आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. आपल्याकडील संशोधन-पदवीत प्रयोगाला मिळणारा सलग वेळ या जर्मन प्रबंधापेक्षा कितीतरी जास्त आहे. पुढे पीएच.डी.साठी परदेशी जायचे असेल तर आधी इथे ही पदवी करून जाणाऱ्याच्या अर्जाला वजन येते, कारण त्याची शिफारसपत्रे लिहिणाऱ्याने त्याला दोन-तीन वर्षे रोज काम करताना पाहिलेले असते.

वाचनसाहित्याची अडचण आता बरीच कमी झाली आहे. पूर्वी राज्य विद्यापीठाच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाला आयआयटीच्या ग्रंथालयात बसल्यावर प्रथमच मूळ शोधनिबंध उघडता येत असे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. त्यामुळे ज्या मार्गदर्शकाकडे अर्ज करायचा त्याचे निबंध आधी वाचून जाणे आता बऱ्याच विद्यार्थ्यांना शक्य आहे, आणि ते न करता मुलाखतीला जाणे मला अक्षम्य वाटते. निबंधांपेक्षाही त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचावेत. निबंधात यशस्वी झालेलेच येते. प्रबंधात उपकरणाचे प्रकरण असते, अनिश्चिततेचे प्रकरण असते आणि शेवटी ‘पुढील काम’ असे एक छोटे प्रकरण असते. बऱ्याचदा नव्या विद्यार्थ्याला मिळणारा विषय तेथूनच निघतो.

एखाद्याच्या हातात एकाच वेळी दोन पत्रे असतील, एक मोठ्या नावाच्या आयआयटीच्या एम.टेक.चे आणि दुसरे तुलनेने लहान संस्थेतील संशोधन-पदवीचे, तर मी आधी एक दिवस काढून त्या लहान संस्थेतील प्रयोगशाळा पाहून यायला सांगेन. सांगाडा चालू स्थितीत आहे का, वह्या भरलेल्या आहेत का, शेवटचा एम.एस. विद्यार्थी कुठे गेला, आणि मार्गदर्शकाने त्या दिवशी भेटायला वेळ दिला का. या चारही गोष्टी ठीक असतील तर संशोधन-पदवी घ्यावी. मार्गदर्शक ठरलेला नसेल आणि ‘प्रवेशानंतर वाटप होईल’ असे उत्तर मिळत असेल, तर एम.टेक. घेतलेली बरी.